गुण कुणाच्या हाताला

न्हाई न्हाई, मपल्यासंगं लेकरू न्हाई, उगं बाकड्याखाली नको पाहू. एकटीच आलेय मी. — हो बाई, दवाखाना लेकराचाच हाय, मला काय भिंतीवरचे ससे दिसत न्हाईत का? पण नंबर लावलाय मी रीतसर. त्यो धम्मानंद हाय न, नंबर पुकारतो त्यो, त्यानं बी हेच इचारलं — आजी, पेशंट कुठंय? म्हणलं, पेशंट चारठाण्याला हाय, तू नाव लिही. भक्ती, झरी. लिहिलं बिचाऱ्यानं, पण हसला. तू बी हसायलीस. हस. तुझं लेकरू तुझ्या मांडीवर हाय, तुला हसायला काय झालं! — कवापासून म्हणलीस ह्याला? दुसरा आठवडा? मंग काहीच न्हाई. आगं, खोकला हाय त्यो, सकाळच्या गाडीनं येऊन दुपारच्या गाडीनं जायला पाव्हणा न्हाई. आन एवढ्यासाठी सोनपेठहून आलीस, एवढ्या लांबून? — सासू न्हाई आली संगं? — बरं, बरं. न्हाई, सहज इचारलं.

भक्ती म्हंजी मपली नात. पोराची पोरगी. तीन सरून चौथं लागलं तिला. सून अर्पिता, ती जिंतूरला खाजगी शाळेवर मास्तरीण हाय — सकाळच्या एस्टीनं जायची, दिवस कलल्यावर यायची. पोरगं महारुद्र, ते हिथं परभणीत गाड्याच्या शोरूमवर. मंग लेकरू दिवसभर कुणापाशी? मपल्यापाशी. न्हाऊ घालायचं कुणी, मी. दुधात भाकर कुस्करून भरवायची कुणी, मी. शी-शू काढायची, पडली की उचलायची, गल्लीतल्या पोराशी भांडली की त्याच्या आईशी मी भांडायचं. बाळंतपण तिकडं चारठाण्याला, अर्पिताच्या माहेरी झालं, रीतच हाय ती, पण सव्वा महिन्याची आणली तवापासून मपल्याच मांडीवर वाढलीय. आन एवढं करून ती मला काय म्हणती ठाव हाय का? झरीची आजी. आन तिकडच्या आजीला काय म्हणती? — गोड आजी! ऐकलंस? मी झरीची, म्हंजी एस्टीच्या पाटीवर असतंय तसं नुसतं गावाचं नाव, आन ती गोड. सालातून चारदा येती, डबाभर बेसनाचे लाडू आणती, लेकराच्या तोंडात कोंबती, पापे घेती आन संध्याकाळी गाडीत बसती. मंग पोटात दुखलं की पाहायचं मी. गोड व्हायला काय लागतंय गं? जिला कडू औषध पाजावं लागतंय, लेकराचे हात धरून नाक पुसावं लागतंय, ती कुठून व्हावी गोड?

आमचे मालक म्हणतेत, लेकराचं बोलणं काय मनावर घेतीस. त्यांना काय बोलायला! त्यांना ती नुसतं आबा म्हणती. झरीचा आबा न्हाई म्हणत.

तर वाढदिवस झाला भक्तीचा. आल्या आमच्या इहीनबाई — सरजाबाई नाव तिचं — फ्रॉक घेऊन आल्या, चमकीचा. पोरीच्या अंगात घातला, चार बायांत उभं केलं तिला आन काय म्हणल्या — आगं माय, किती गोड दिसायलीय मपली बाय! बस. बोटं मोडली न्हाईत, काजळाचा टिक्का न्हाई, काही न्हाई. नुसतं कौतुक. आन दोन दिवस न्हाई गेले तर पोरीला शिंका, नाक गळायलंय, डोळे जड. मी म्हणलं, लागली नजर. मनात म्हणलं. — काय? वाढदिवसाला गल्लीतली लेकरं आली असतील? आली व्हती की. शेंबडी व्हती का? व्हती एक-दोन. एकाचं दुसऱ्याला व्हत असतंय म्हणतीस? डॉक्टर बी तेच म्हणले. असंल. पण सगळ्या लेकरात मपलीच कामून सापडावी, तेवढं सांग.

आणली हिथंच. तू बसलीस न, बराबर तिथं बसले व्हते मी, पोरगी मांडीवर, अंग तव्यासारखं. डॉक्टर चांगले हायेत, खेकसत न्हाईत. म्हणले, आजी, साधा सर्दी-खोकला हाय. ताप दोन-चार दिवसांत उतरंल, घसा आठवड्यात बरा व्हईल, नाक दोन आठवडे वाहिलं तरी घाबरायचं न्हाई. म्हणलं, आन खोकला? तर म्हणले, खोकला सगळ्यात शेवटी जातो. लेकराला तीन आठवडे बी राहतो, कवा कवा त्याच्या बी वर. आपल्या आपण कमी व्हतो, त्याला इंजेक्शन लागत न्हाई, भारी औषध लागत न्हाई. दम लागला, फासळ्या आत ओढायल्या, पाणी-दूध सोडलं, न्हाईतर उतरलेला ताप परत चढला, तर तसंच उचलून आणायचं. न्हाईतर धीर धरायचा. — तुझ्या ह्याच्या फासळ्या न्हाईत ओढत, मी आल्यापासून पाहायलेय. चपलेशी खेळायलाय की मस्त. धीर धर तू बी.

मी धरला की धीर! पहिला आठवडा मी काढला, दुसरा मी काढला. ताप उतरला मपल्यापाशी. कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवून ठेवून बोटं पांढरी पडली मपली. नाक थांबलं मपल्यापाशी. छातीला कोमट तेल लावायचं, ओव्याची पुरचुंडी शेकायची, हळदीचं दूध पाजायचं — ते थुंकायची पोरगी, अर्धं मपल्या लुगड्यावर. राहिला नुसता खोकला. सकाळी उठल्यावर थोडा, पळाल्यावर थोडा. संध्याकाळी मात्र ढास लागायची. अर्पिता शाळेतून यायची, पाहायची, म्हणायची — आत्याबाई, दिवसभर बरी असती म्हणता, मंग संध्याकाळीच कामून हो वाढतो? म्हणलं, मला काय ठाव, वारं बदलतंय संध्याकाळी. आन मंग तिसरा आठवडा सरायला आला, आता जायचंच त्या खोकल्यानं, उंबऱ्यावर आला व्हता त्यो — आन नेमकी तवाच अर्पितानं पोरगी उचलली आन चारठाण्याला नेली. चार दिवस हवापालट म्हणून.

सरजाबाईनं काय केलं असंल, सांग बरं. अडुळशाचा काढा, मध घालून. बस. आन पाच-सहा दिवसांत खोकला गायब! झालं. मध्ये एका साखरपुड्याला गेले मी तर तिथं सगळ्या बायांत बसून सांगायलीय — झरीला लेकरू पार खंगलं व्हतं हो, डॉक्टर झाला, औषधं झाली, मपल्याकडं आलं आन मपल्या हाताला गुण आला. मपल्या देखत! मी पाठीमागं ताट घेऊन उभी! आगं, चूल मी फुकायची, डोळे लाल करून घ्यायचे, आन जाळ धरला की दुसरीनं येऊन तवा ठेवायचा आन म्हणायचं, पहा मपला स्वयंपाक. तिनं नुसतं पाणी पाजलं असतं तरी गेला असता त्यो. जायचाच व्हता. वेळ भरली व्हती त्याची. डॉक्टरनं आधीच सांगितलं व्हतं न? तूच सांग, तू आता ऐकलंस — सांगितलं व्हतं का न्हाई?

जळते मी तिच्यावर. हो, जळते. तुझ्यापुढं काय लपवायचं, तू सोनपेठची, तू काय कुणाला सांगायला जायची न्हाईस. तिचं घर पाहिलं की जळते, तिचं पोरीनं नाव घेतलं की जळते. महारुद्रानं सोयऱ्याचा एक ग्रुप केलाय मोबाईलवर, त्यात ती रोज भक्तीचा फोटो टाकती. भक्ती काढा पितानाचा टाकला. मपल्या हातानं हळदीचं दूध थुंकणारी पोरगी, तिच्या हातचा कडू काढा पिऊन हसायलीय! आन खाली सगळ्याचे अंगठे, फुलं, हात जोडलेले. मपल्या सख्ख्या नणंदेनं फुलं टाकली. मपल्या बाजूची बाई! चार दिवस बोलले न्हाई मी तिच्याशी. अजून बी तिला कळलं न्हाई कामून ते.

म्हणून आले हिथं. आता कळलं का? मला डॉक्टरचा आवाज पाहिजे. ह्या मोबाईलमधी. ते बटन दाबून धरायचं असतंय न, ते येतंय मला. डॉक्टरला म्हणणार हाय — साहेब, औषध नको, तपासणी नको, तुमी त्या दिवशी मला जे म्हणले व्हते तेवढंच ह्यात बोला, की खोकला तीन आठवड्यांनी आपोआप जातो, त्यात कुणाच्या हाताचा गुण नसतो. आन तसंच टाकणार ग्रुपवर. आजच टाकणार. कारण सोमवारी — ऐक — सोमवारी अर्पिता भक्तीचं नाव चारठाण्याच्या अंगणवाडीत घालायलीय. म्हणती, तिथूनच शाळा करते मी, भक्तीला तिथली हवा मानवती. हवा! चारठाण्याची हवा काय येगळी येती का गं, झरीवरूनच जात असंल की ती! मपल्या दारासमोर अंगणवाडी हाय. पाटावर बसून मला खिडकीतून भक्तीचा आवाज आला असता. दप्तर घेऊन ठेवलंय मी तिचं, छोटं, सशाचं चित्र असलेलं, खुंटीला तसंच लटकायलंय. एकदा नाव घातलं की झालं, मंग ती तिथलीच. मंग मी सालातून चारदा लाडू घेऊन जायचं तिला पाहायला. आन मला लाडू बी धड येत न्हाईत.

अजून काय म्हणले व्हते डॉक्टर? — एवढंच. — न्हाई, आठवून सांगते, एवढंच... हां, धूर. धुरापासून जपा म्हणले. धुरानं खोकला लांबतो म्हणले. ते काय मी ऐकलं न्हाई का? त्याच दिवशी घरी जाऊन न्हाणीपाशी पाणी तापवायची चूल व्हती, कापसाच्या पळाट्या जाळायची, ती पार गोठ्यामागं नेली. मालकाची बिडी बंद केली. बंद म्हंजी, पारावर जाऊन वढा म्हणलं. एवढी काळजी सरजाबाई घेती का इचार. — उदबत्ती? उदबत्ती बी न्हाई लावली देवापुढं. घरात धूर म्हणून न्हाई. दिष्ट तेवढी काढायची मी.

आता दिष्ट काय धूर असती का? दिष्ट ती दिष्ट. तुझी आई काढती न? सगळ्याच काढतेत. मीठ, मोहरी, सुक्या लाल मिरच्या, लेकरावरून उतरायच्या आन निखाऱ्यावर टाकायच्या. — बाहेर कशी टाकायची, आल्या-गेल्याच्या डोळ्यासमोर? मधल्या खोलीत. दार लावून. घमेल्यात निखारे आणायचे गोठ्यामागून, भक्तीला पाटावर बसवायचं, खिडकी लावायची. अर्पिता यायच्या आत उरकायचं, तिला असलं पटत न्हाई, मास्तरीण हाय न ती. — रोज न्हाई गं. आधी एक दिवस. मंग... आता कसं सांगू तुला. नजर असली की मिरच्या जळल्या तरी ठसका येत न्हाई, खरं का न्हाई? आन नजर नसली की मिरच्याची खाट नाकात बसती, सगळं घर खोकतंय. हीच तर पारख असती. मला पाहायचंच व्हतं की ही नजर त्या दिवसाचीच हाय, त्या चमकीच्या फ्रॉकाची. आल्याची, गेल्याची, सोयऱ्याची, धायऱ्याची म्हणायचं असतंय, मी म्हणायचे आन वर चारठाण्याची बी म्हणायचे. पण मिरच्या टाकल्या की भक्ती खोकायची. आता तिला आधीच खोकला, मंग हा ठसका मिरच्याचा का खोकला खोकल्याचा, कसं कळावं? म्हणून दुसऱ्या दिवशी परत काढली. मंग परत. मिरच्या जरा वाढवल्या, म्हणलं एकदा खरं-खोटं व्हऊन जाऊ दे. आन एक दिवस मला ठसका आला न्हाई! भक्ती खोकायली, पण मला न्हाई. म्हणलं, सापडली! मालकाला बाहेर जाऊन सांगितलं, पहा, मोठ्या माणसाला ठसका न्हाई, तुमच्या इहीनबाईचीच नजर हाय. — न्हाई, म्हंजी आला व्हता मला. घशापर्यंत आला व्हता. दाबला मी. पदर तोंडात धरून दाबला.

अशी नको पाहू.

त्याच आठवड्यात अर्पिताच्या शाळेला अर्धी सुट्टी मिळाली. दुपारचीच आली ती. दार ढकललं तर आत मी, घमेलं आन भक्ती — पोरगी डोळे चोळायलीय, खोकायलीय, नाकातोंडातून पाणी. अर्पितानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं बाई, मी बी चार दिल्या असत्या. तिनं पोरीला उचललं, ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, मपल्या बाजूनं काढून पलीकडच्या बाजूला, आन बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली. मी म्हणलं, दिष्ट काढायले व्हते गं. म्हणली, हो आत्याबाई. बस, एवढंच. संध्याकाळी पिशवी भरली, चार दिवस आईकडं जाऊन येते म्हणली. सासूच्या पाया पडून गेली. पाया पडायला काय कमी न्हाई तिचं.

— त्याचं काय? तिथं धूर नव्हता म्हणून गेला खोकला, असं म्हणायचंय का तुला? आगं, तीन आठवडे झालेच व्हते! झालेच व्हते न? तूच ऐकलंस न आता...

काल भक्तीला फोन केला व्हता मी मोबाईलवर, तोंड दिसतंय तसा. गोड आजीच्या मांडीवर बसली व्हती, तोच चमकीचा फ्रॉक. मी म्हणलं, भक्ते, घरी कवा यायचं गं मपल्या बाईनं? दप्तर आणलंय तुला, ससा हाय त्याच्यावर. तर ती म्हणली — न्हाई. तिकडं डोळे झोंबतेत. आन सरजाबाईनं मोबाईल ओढून घेतला, म्हणली, लेकरू हाय पार्वतीबाई, काही बी बोलतंय. म्हंजी मला सांभाळून घेतलं तिनं! ती मला सांभाळून घेणार! तिनंच शिकवलं असंल हे बोलायला. शिकवल्याबिगर कुठं लेकरू असं बोलतंय? तीन-चार वर्षाच्या लेकराला आपल्या आपण लक्षात राहतंय का असलं? — राहतंय? —

बघ, बघ, ह्याला आली ढास. आगं पाठीवर थोपट की, असं न्हाई, वरून खाली. माय माय, डोळ्यात पाणी आलं राजाच्या. खरं सांगू का तुला, राग नको मानू — ह्याला बी नजर हाय. डोळे पहा कसे मिचमिचे झालेत. थांब, मपल्या पिशवीत हाय समदं. मीठ, मोहरी, मिरच्या, पुडी बांधूनच आणलीय, हिथून तसंच चारठाण्याला जायचं म्हणून. घटकाभर भक्ती मपल्यापाशी सापडली की... जाळायचं न्हाई गं हिथं, दवाखान्यात कुणी जाळतंय का, येडी! नुसतं वरून उतरते आन बाहेर टाकून येते. आण इकडं त्याला. ये राजा, आजीकडं ये, ये —

का गं?

सरकवलंस त्याला. न्हाई, पदर सावरायला न्हाई, सरकवलंस तू. ह्या मांडीवरून त्या मांडीवर. मपल्या बाजूनं काढून पलीकडं.

अर्पितानं बी असंच... मी म्हणलं का तुला आता? म्हणलं न.

. . .

कोण? मला पुकारायलाय का त्यो? भक्ती, झरी — हो, मपलाच नंबर. ऐकलं रे बाबा धम्मानंदा, वरडू नको. — जा, तू जा बाई मपल्या नंबरावर. तुझ्या लेकराला ढास लागलीय, उठ, जा. मी काय दाखवू आत जाऊन? मला दाखवायला लेकरूच न्हाई.

जा म्हणलं न. आन त्या पिशवीकडं नको पाहू सारखं. जा.